विश्वामित्रीवरील नव्या पुलासाठी कोणते नाव सुचवावे?

नदीकाठचा रहिवासी:
सर्वांना नमस्कार. बडोद्यात आमच्या सोसायटीजवळ विश्वामित्री नदीवर बांधलेला पूल लवकरच वाहतुकीसाठी खुला होणार असून, त्याच्या नावाविषयी महानगरपालिकेला पत्र द्यावे, असे आमच्या रहिवासी मंडळाने ठरवले आहे. बैठकीत पहिले नाव अर्थातच सयाजीराव महाराजांचे निघाले. १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाविषयी आमच्यात दुमत नाही. परंतु सयाजीगंज, सयाजीबाग, सयाजी रुग्णालय, आजव्याचे सयाजी सरोवर आणि महाराजांच्या नावाचे विद्यापीठ एवढे असताना पुलालाही तेच नाव दिल्यास पत्ता सांगताना घोटाळा होईल, असे मला वाटते. आपण दुसरे कोणते नाव सुचवाल?

रावपुरेकर:
माझ्या मते महाराणी चिमणाबाईंचे, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या दुसऱ्या पत्नी असलेल्या दुसऱ्या चिमणाबाईंचे नाव सुचवावे. १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि त्याआधी, १९११ साली, भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी सहलेखकासह इंग्रजीत ग्रंथही प्रसिद्ध केला होता. बडोद्याबाहेरच्या अभ्यासकांना हे ठाऊक असते, बडोद्यातल्या शाळकरी मुलांना बहुधा नसते.

दांडिया बाजार:
सूचना आदरणीय आहे, पण ती टिकेल का, याविषयी मी साशंक आहे. रावपुऱ्यातील टॉवर १८९६ साली महाराजांच्या पहिल्या पत्नी असलेल्या पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभा राहिला, तरी रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सारे त्याला रावपुरा टॉवरच म्हणतात. सयाजीबागेला जुनी माणसे अजूनही कमाटीबाग म्हणतात. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे तर काय सांगावे! त्या चौकाला सगळे शहर काळा घोडा म्हणून ओळखते, शेजारच्या पुलालाही तेच नाव चिकटले आहे आणि घोड्यावर बसलेल्या स्वाराचा उल्लेख कोणी करत नाही. याउलट भीमनाथ पुलाला काठावरच्या महादेवाचे नाव मिळाले आणि ते कोणालाही मुद्दाम शिकवावे लागले नाही. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी दोन्ही काठांवर कोणते देऊळ, कोणता जुना घाट किंवा कोणती वस्ती आहे आणि काम चालू असताना मजूर व भाजीवाले त्या जागेला काय म्हणत होते, याची चौकशी करावी, असे मी सुचवीन.

वाडीकर:
चौकशीचा निकाल मी आताच सांगतो. पहिल्या पावसाळ्यात पुलाखाली मगर दिसली की लोक त्याला मगरपूल म्हणू लागतील आणि आपले पत्र फाइलमध्येच राहील.

रावपुरेकर:
मगरपुलाला माझी हरकत नाही, पण दांडिया बाजार यांनी दिलेल्या उदाहरणांवरून मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. लोक जे नाव ठेवणार, ते महानगरपालिकेला न विचारताच ठेवणार असतील, तर त्यासाठी पत्राची गरजच काय? ठरावाने द्यायचे नाव असे असावे, की जे आपोआप कोणाच्या तोंडी येणार नाही, परंतु फलकावर व नकाशावर असल्यास एखादा वाचणारा थांबून विचारील. मात्र ‘श्रीमंत महाराणी चिमणाबाई साहेब गायकवाड सेतू’ असे लांबलचक नाव मागू नका, नुसते ‘चिमणाबाई पूल’ मागा. टॉवर पहिल्या चिमणाबाईंचा असल्याने दोघींची गल्लत होणारच, म्हणून फलकावर १९२७ च्या अध्यक्षपदाचा उल्लेख अवश्य असावा.

नदीकाठचा रहिवासी:
दोन्ही मते बैठकीत मांडतो. फलकाचा मजकूर गुजराती व मराठी या दोन्ही भाषांत असावा, अशी विनंती पत्रात करावी का, हेही कृपया सांगावे.

दांडिया बाजार:
अवश्य करावी. मी नावाला विरोध मागे घेत नाही, पण फलक झालाच तर मराठी मजकूर तपासून देईन.