लष्करी जीपचे न वापरलेले पार्ट: ओळखायला आणि योग्य हातात द्यायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या आजोबांचं नगरला गॅरेज होतं. गेल्या महिन्यात माळा आवरताना पत्र्याच्या दोन पेट्या निघाल्या. वडील सांगतात, लष्कराच्या लिलावातला माल आहे. एक कार्बोरेटर, वॉटर पंप, टायमिंग चेन, ब्रेकचे चार व्हील सिलिंडर आणि नटबोल्टांची एक पिशवी. एकही कधी गाडीला लागलेला नाही. सगळं मेणकागदात गुंडाळलेलं, त्यावर कॉस्मोलिनचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या ग्रीसचा थर, काकवीच्या रंगाचा आणि आता लाखेसारखा कडक झालेला. चेनच्या कागदाची एक कड सोडवून पाहिली, तर आतली कडी आजच मशीनवरून उतरल्यासारखी चकचकीत!

कार्बोरेटर कार्टर कंपनीचा, डब्ल्यूओ मॉडेल, टॅगवर ५३९ एस. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा: विलीज कंपनीची एमबी, किंवा तीच जीप फोर्डने बनवलेली, जीपीडब्ल्यू. चेनही त्याच काळाकडे बोट दाखवते, कारण युद्धातल्या 'गो डेव्हिल' इंजिनात टायमिंगला चेन होती, नागरी जीपमध्ये पुढे गिअर आले. आमच्याकडची जीप महिंद्रा सीजे ३बी. तिचं इंजिन वेगळं, त्यामुळे हा कार्बोरेटर आणि चेन तिला उपयोगाचे नाहीत.

खरा पेच बोल्टांचा आहे. काहींच्या डोक्यावर वळणदार 'एफ' आहे, काही कोरे आहेत. फोर्ड आपल्या पार्टवर 'एफ' उमटवत असे, एवढं माहीत आहे. लष्कराच्या आग्रहामुळे दोन्ही कंपन्यांचे पार्ट एकमेकांना बसायचे, पण आज जीपीडब्ल्यू जुळवणारा माणूस एकेक 'एफ' बोल्ट शोधत फिरतो. कोरे बोल्ट विलीजचेच, हे कशावरून ठरवायचं?

दुसरं, कॉस्मोलिन काढू का? रॉकेलने निघतं, पण मूळ कागद आणि त्यावरचे नंबर एकदा गेले की गेले. संग्राहकांना पाकीट बंदच हवं असतं का? व्हील सिलिंडरमधले रबरी कप मात्र इतक्या वर्षांत नक्कीच कडक झाले असणार. घेणाऱ्याला मी आधीच सांगणार आहे की कप बदलल्याशिवाय ते ब्रेकला लावू नका.

एका भंगारवाल्याने सगळ्याचा किलोवर भाव केला. ऐकूनच पोटात कालवलं. आजोबांनी हे कागदसुद्धा न फाडता जपलं होतं. माझी इच्छा एवढीच की हे कपाटात नाही, चालत्या जीपमध्ये जावं.

पुणे, मुंबई, नाशिक, कुठेही कुणी एमबी किंवा जीपीडब्ल्यू मुळाबरहुकूम उभी करत असेल तर कृपया इथे लिहा. चेसिसची पुढची आडवी पट्टी गोल नळीची आहे की चौकोनी, तेही कळवा. गोल असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड, आणि 'एफ'वाले बोल्ट मी फोर्डवाल्यासाठीच राखून ठेवलेत. फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो.