कळसामागं पवनचक्की: 'देवळाचं रूप जातंय' हे कागदावर कसं मांडावं?

माळावरचा_मास्तर

नमस्कार. आमचं गाव बालाघाटच्या पठारावर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेजवळ. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाव लहान आहे आणि अर्ध्या लोकांनी जमिनी भाड्यानं दिल्यात. उगवतीला टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. टेकडीमागच्या माळावर एक कंपनी पवनचक्क्या उभ्या करायलीय. खुणेचे दगड रोवून झालेत आणि पहिला दगड देवळाच्या बरोबर पाठीमागं आहे. पात्याच्या टोकापर्यंत उंची १८० मीटर सांगतात.

ग्रामसभेत मी उठून म्हणालो, "देवळाचं रूप जाईल." कंपनीचा माणूस म्हणाला, "गुरुजी, किती इंच जाईल ते लिहून द्या, साहेबांना पाठवतो." सभा हसली. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. त्यानं एक फोटोही दाखवला. त्यात चक्क्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या, त्याही धुक्यात बुडाल्यासारख्या.

विजेला माझा विरोध नाही. शाळेतले पंखे भर उन्हाळ्यात बंद असतात, मला वीज नको कशी असेल? पण हे कुठल्या कायद्यात बसतं का? आणि रूप खरंच इंचात मोजता येतं का?

भूदृश्य_संभाजीनगर

सर, मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. कायद्याचं आधी उरकते, कारण त्यात फार काही हाती लागणार नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना आहे, तिच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे त्याखालची जनसुनावणीही नाही. गंमत अशी की त्याच अधिसूचनेत २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांसाठी 'अर्ज १अ' दिला होता, आणि त्यात 'सौंदर्य' या मथळ्याखाली सरळ प्रश्न होता: या बांधकामामुळे एखादं दृश्य अडेल का? माझ्या पाहण्यातल्या अर्जांत त्याचं उत्तर एका शब्दाचं. केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. तुमचं देऊळ तसं संरक्षित असतं तरी चक्की त्या हद्दीबाहेरच पडेल.

म्हणजे उरला ग्रामसभेचा ठराव आणि कंपनीशी बोलणी. तिथं मोजमाप उपयोगी पडतं.

ब्रिटनमध्ये या कामाची पद्धत बसलेली आहे. तिथल्या लँडस्केप इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती २०१३ ची. ती दोन प्रश्न वेगळे ठेवते. पहिला जमिनीचा: उघडा माळ, एकटी टेकडी, वर देऊळ, हा त्या जागेचा स्वभाव किती बदलतो? दुसरा माणसांचा: कोण, कुठून, काय करत असताना बघतो, आणि त्याच्यासमोर काय नवं येतं? बदल किती मोठा, किती वर्षांचा, आणि पुन्हा पुसता येतो का, हेही लिहायचं असतं. तुम्ही हे सगळं 'रूप' या एका शब्दात भरलंत, म्हणून त्याला हसता आलं.

तुमच्यासाठी दुसरा प्रश्न सोपा. गावकरी जिथं थांबून देवळाकडे बघतात त्या जागा शोधा. सार्वजनिक जागेचं वजन जास्त, स्वतःच्या गच्चीचं कमी. मग शाळेतली फूटपट्टी घ्या. तिला ६० सेंटिमीटरची दोरी बांधा, दोरीचं दुसरं टोक दातात धरा आणि पट्टी समोर ताणून उभी धरा. वस्तूची उंची गुणिले ६०, भागिले तिचं अंतर, दोन्ही मीटरमध्ये. येईल तितके सेंटिमीटर ती पट्टीवर दिसणार. जे अजून उभंच नाही तेही असं 'दिसतं'.

संगणकावर क्यूजीआयएस (नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर) आणि जमिनीच्या उंचीची फुकट माहिती वापरून कुठून काय दिसेल याचा नकाशाही निघतो. पण त्या नकाशाला झाड कळत नाही, शेडही कळत नाही. पायी फिरणं सुटत नाही.

आणि तो फोटो. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो, त्यात लांबचं सगळं बारीक होतं. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचं भिंग वापरायचा रिवाज आहे, मोबाइलवर साधारण दुप्पट झूम. फोटो ए-३ कागदभर छापून हातभर अंतरावर धरला की आकार डोळ्याला दिसतो तसा येतो. फोटो कुठून, कुठल्या भिंगानं काढला, हे त्यांना लेखी विचारा.

मुरमाड_शेतकरी

गुरुजी, राग धरू नका. आमच्या शिवारात चक्क्या येऊन काही वर्षं झाली. पहिले सहा महिने डोळ्यात खुपल्या, आता सोयाबीनकडं बघावं का आभाळाकडं? भाडं वेळेवर येतं, थोरलीचं कॉलेज त्यावरच चालू हाय. आधी आमच्याकडं माळ बघायला कोण येत होतं ओ?

पण एक सांगतो, ते मॅडमच्या पुस्तकात हाय का बघा. चक्कीपेक्षा रस्ता जास्त दिसतो. एवढाली पाती वर न्यायची म्हणून घाटाच्या अंगाला डोंगर उभा कापला, मुरूम दरीत लोटून दिला. खालच्या गावातून बघितलं की हिरव्या पावसाळ्यातबी पिवळा ओरखडा. चक्की उद्या उतरवतील, तो मुरूम कोण वर नेणार? आणि रातचे लाल दिवे. आमची म्हातारी अंगणात झोपायची, आता भिंतीकडं तोंड करून झोपती.

भूदृश्य_संभाजीनगर

दादा, 'पुन्हा पुसता येतो का' म्हणजे नेमकं हेच.

माळावरचा_मास्तर

रविवारी सातवीची पोरं घेऊन निघालो. सहा पोरं, सहा पट्ट्या, सगळ्यांच्या तोंडात दोरी. रस्त्यानं जाणारे विचारायले, "गुरुजी, हे कोणतं व्रत?"

पारावरून काहीच दिसत नाही, पिंपळ आडवा येतो. मी तर सभेत पाराचंच नाव घेतलं होतं. एसटीच्या थांब्यावर शेडनं अर्धं आभाळ झाकलंय. कंपनीचा फोटो तिथलाच, शेडचा पत्रा कोपऱ्यात ओळखू येतो. सगळ्यात वाईट दिसणार माझ्या गच्चीवरून, पण ती यादीतून काढली (मन मारून).

मग पाणंदीच्या वळणावर गेलो. खालच्या वाड्यांची माणसं यात्रेला येतात तेव्हा कळस पहिल्यांदा तिथून दिसतो. चपला काढून हात जोडतात नि मग पुढं चालतात. मी लहानपणापासून बघतोय, पण ती 'जागा' आहे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. यात्रा चैत्रात, तेव्हा ज्वारी निघालेली असते, दोन्ही अंगाला उघडं.

वळणापासून देऊळ ९०० मीटर. देवळाची उंची कळसासकट १२ मीटर, म्हणजे पट्टीवर ०.८ सेंटिमीटर. चक्की १.८ किलोमीटरवर, म्हणजे ६ सेंटिमीटर. एका पोरीनं पट्टीवर दोन्ही खुणा केल्या, बघितलं आणि म्हणाली, "सर, मग हात कुणाला जोडायचे?"

तिनंच पुढचं गणितही केलं. चक्की ४०० मीटर बाजूला सरकवली तर वळणावरून ती कळसापासून १३ सेंटिमीटर लांब दिसेल. कळसामागं नुसतं आभाळ राहील.

अडचण एकच. ४०० मीटर उत्तरेला सरकली की ती माझ्या चुलत्याच्या गटात जाते. गाव म्हणणार, मास्तराला देव नको, भाडं पाहिजे.

भूदृश्य_संभाजीनगर

ठरावात उत्तर आणि दक्षिण, दोन्ही जागा लिहा सर. दोन्हींचे फोटो वळणावरून, दुप्पट झूमवर. चुलत्यांचा गट नंबरही तुम्हीच आधी सांगून टाका.

मुरमाड_शेतकरी

आणि रस्त्याचा मुरूम कुठं टाकणार ते लिहून घ्या. आमच्याकडं कुणी विचारलंच नाही.