सायकलवर रंगलेल्या गप्पा: तुमचे अनुभव येऊ द्या (अनुभव धागा)

दोनचाकी

नमस्कार मंडळी. गेली सात वर्षं आम्ही आठ-नऊ जण आठवड्यातून तीनदा पहाटे पावणेसहाला पुण्यात कर्वे पुतळ्यापाशी जमतो आणि राजाराम पूल, धायरी फाटा करत खडकवासल्याला जाऊन चहा पिऊन परत येतो. व्यायाम होतो असं घरी सांगतो. खरं कारण गप्पा. ग्रुपचा नियम एकच, राजकारण काढायचं नाही, आणि तो राजाराम पुलापर्यंतसुद्धा टिकत नाही. सपाट रस्त्यावर महापालिका, मेट्रो, मुलांच्या अ‍ॅडमिशन, फ्लॅटचे भाव सगळं निघतं, चढ लागला की सगळे पक्ष गप्प आणि उतारावर फक्त "खड्डाऽऽ" एवढंच.

जानेवारी २०२६ च्या पुणे ग्रँड टूरच्या आधी तर दोन महिने दुसरा विषयच नव्हता. ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत म्हटल्यावर रस्त्यांवर नवीन डांबर पडलं आणि आमच्यातले एक जण म्हणाले, शर्यत दर महिन्याला ठेवा, हरायला मी येतो.

पण धागा काढायचं कारण वेगळं. जुलै २०२४ मध्ये आम्ही प्रत्येक फेरीत धरण बघून यायचो आणि किती टक्के भरलं यावर पैजा लावायचो, हरणारा चहा पाजणार. २५ तारखेच्या पहाटे पावसामुळे कुणी निघालं नाही. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं आणि आमचा एक भिडू सिंहगड रोडला नदीकाठच्या एकता नगरीत तळमजल्यावर राहतो. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे गाळ काढायला गेलो तर त्याची सायकल पार्किंगमध्ये एका कारच्या बॉनेटवर उलटी पडलेली, हॅन्डलला कुणाचीतरी उशी अडकलेली. तो म्हणाला, पैज कोण जिंकलं रे? तेव्हा हसलो, पण त्यानंतर टक्क्यांवर पैज लागलेली नाही. पुढच्या जानेवारीत जीबीएसची (नसांच्या आजाराची) साथ आली आणि सिंहगड रोडचं नाव रोज पेपरात यायला लागलं तेव्हा सगळ्यांच्या बाटल्यांमध्ये घरून उकळून आणलेलं पाणी, आणि गप्पा क्लोरीनच्या. तर लिहा, तुमच्या गप्पा कुठे रंगतात, कशावर रंगतात.

खवचट काका

पावणेसहाला उठून चहा प्यायला वीस किलोमीटर जायचं आणि त्याला व्यायाम म्हणायचं, चालू द्या. आमच्या वेळी सायकलला म्युनिसिपालिटीचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की हवालदार व्हॉल्व्ह काढून घ्यायचा आणि डबलसीट पकडलं तर आधी भाषण मग दंड. पुणं सायकलींचं शहर होतं हे तुम्ही वाचलंय, आम्ही त्या गर्दीत धोतरवाल्या मास्तरांना धडकलोय.

आता गप्पांचं म्हणाल तर आणीबाणीत मी एकोणीस वर्षांचा. हॉटेलात बसून काही बोलायची चोरी, शेजारच्या टेबलावर कोण आहे कळायचं नाही. म्हणून आम्ही चौघं मित्र संध्याकाळी कॉलेजातून निघालो की सरळ घरी न जाता सायकलवरून विद्यापीठापर्यंत आणि परत. चालत्या सायकलवर कोण ऐकणार? कुणाला उचललं, कुणाच्या घरी पत्रक आलं, सगळं त्या रस्त्यावर. मागून कुणी सायकल जवळ आणली की लगेच क्रिकेट. एकदा मागचा माणूस बराच वेळ हलेना, आम्ही घामाघूम, तर शेवटी तो पुढे येऊन म्हणाला, अहो तुमचं मागचं चाक डुगडुगतंय, स्पोक बघून घ्या.

दोनचाकी

@खवचट काका 😂😂 वीस नाही, जाऊनयेऊन तीसच्या वर होतात.

संत्राबर्फी

आमच्या नागपुरात उन्हाळ्यात पाचला निघावं लागते, नाही तर आठ वाजता डांबरावर पोळी भाजली जाते बाप्पा. मी एकेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली, मुलीच्या सायकलवर, सोसायटीच्या मागच्या बोळीत, आणि पहिले तीन महिने रस्त्यावर जो तो "काकू गिअर टाका" म्हणून सांगून जायचा जसं काही त्याच्याच काकाची गाडी आहे. आता आम्ही सहा जणी आहोत, अंबाझरी, फुटाळा, कधी सेमिनरी हिल्स. आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आरपार एकट्याने सायकलवर गेले तेव्हापासून आमच्याकडे सायकलवाल्यांना जरा भाव आहे. आम्हाले अमेरिकेत नाही जायचं, तर्रीवाल्या पोह्यांपर्यंत पोचलो तरी झालं.

गप्पा म्हणजे सासूबाईंचे गुडघे, कामवालीची दांडी, सोन्याचा भाव (ग्रुपमध्ये दोघींच्या मुलींची लग्नं आहेत त्यामुळे रोजच). पण एक लक्षात आलं. सायकलवर दोघी बाजूबाजूने चालल्या की एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघींची नजर पुढे. आमच्यातल्या एकीने मुलीचा घटस्फोट होतोय हे असंच सांगितलं. चार महिने तिने भिशीत सांगितलं नाही, घरी बसून चहा पिताना सांगितलं नाही, आणि त्या दिवशी एकदम "ती परत आली आहे गं, कायमची" आणि लगेच "समोर गड्डा आहे, डावीकडून घे". मी डावीकडून घेतलं. पुढचं सगळं फुटाळ्यापर्यंत ऐकलं, मी फक्त हूं हूं. पोह्यांच्या ठेल्यावर बाकीच्या भेटल्या तेव्हा ती नेहमीसारखी तर्री जास्त मागत होती.

पन्हाळा_चढलोय

लई भारी लिहिलंय ताई. आमच्यात गप्पाच होत नाहीत, रंकाळ्याला फेरी मारायची आणि मिसळीवर भांडायचं, कटाला चव कुठं हाय यावर. एक जण फक्त मोबाईलवर स्पीड बघतो. त्याला सोडून आम्ही पुढं जातो, मग तो येतो धापा टाकत. सांगायचं म्हणजे जीएसटी १२ वरनं ५ टक्के झाल्यावर (सप्टेंबर २०२५) मी घरी म्हटलं आता नवी सायकल स्वस्त झालीया, तर बायको म्हणाली जुनी तर फुकट हाय.

वारं_तोंडावर

मी आइंडहोवनला असतो, नेदरलँड्स. इथे दोघांनी शेजारी शेजारी सायकल चालवायला कायद्याने परवानगी आहे त्यामुळे गप्पा मारायची सोय सरकारनेच केलेली आहे म्हणा ना. माणसांपेक्षा सायकली जास्त असलेला देश. होवेनरिंग म्हणून एक गोल लटकता पूल आहे, फक्त सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी, खाली गाड्यांचा चौक. पण गप्पा? ऑफिसातले डच लोक हवामानावर बोलतात. वारा कुठून आहे, परतताना कुठून असेल, संपलं. समोरून वारा असला की तेही नाही.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हाची गोष्ट. मी तिला मागे कॅरिअरवर बसवून बाजारात नेली, इथे ते चालतं, आणि एका क्रॉसिंगला आमच्यासाठी दोन कार आणि एक ट्रक थांबले. आई घाबरून खाली उतरायला लागली, म्हणाली अरे त्यांना जाऊ दे, आपल्याला काय घाई आहे. मी म्हटलं आपला हक्क आहे गं. तर त्या ट्रकवाल्याला हात जोडून नमस्कार करून मग पुढे आली. पुढचे आठ दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोनवर तेच, "आमच्यासाठी ट्रक थांबला."

मुलुंडचा मुसाफिर

मुंबईकर हजर. सी लिंकवर सायकल चालत नाही, कोस्टल रोडवर चालत नाही, मग आम्ही शनिवारी रात्री बारानंतर मरीन ड्राइव्हला जातो. गप्पांचा विषय: कुठे कुठे चालत नाही.

देहूरोडकर

इतके दिवस नुसतं वाचत होतो. सगळ्यांचे अनुभव छान आहेत, पण हेल्मेट-ग्लोव्हजवाले म्हणजेच सायकलवाले असं आजकाल धरून चालतात, म्हणून लिहितोय. माझे वडील देहूरोडहून पिंपरीला एका कारखान्यात ३१ वर्षं सायकलने गेले, तिन्ही शिफ्ट, काळी २२ इंची सायकल, पुढच्या दांडीला डब्याची पिशवी. छंद वगैरे काही नाही, बसचे पैसे वाचायचे. हायवेवरून एका ओळीत दहा-बारा जण. बोनस किती, युनियन काय म्हणते, गावाकडे पाऊस झाला का, ही गप्पांची गाडी रोज निगडीच्या चढापर्यंत.

१९८३ ची वर्ल्ड कप फायनल, २५ जून. दुसरी शिफ्ट सुटली तेव्हा मॅच संपायला आलेली. आपल्या १८३ च झालेल्या, म्हणून कुणाला आशा नव्हती. आकुर्डीच्या अलीकडे एका टपरीवर रेडिओ लागलेला बघून सगळ्यांनी सायकली आडव्या टाकल्या. वडील सांगतात, स्टँड लावायलाही कुणाला सुचलं नाही. वेस्ट इंडिज १४० ला ऑल आऊट झाली आणि टपरीवाल्याने राहिलेल्या दुधाचा चहा केला, मग एकाने हायवेच्या मधोमध सायकलची घंटी वाजवायला सुरुवात केली, बघता बघता सगळ्यांनी. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल संप झाला.

आता वडील ७६ चे आहेत. सायकल मागच्या पावसाळ्यात आम्ही बंद करायला लावली, त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

खवचट काका

वा. याला म्हणतात अनुभव. ती टपरी आहे का हो अजून?

देहूरोडकर

@खवचट काका, आत्ताच विचारलं. म्हणाले त्या बाजूला आता निगडीपर्यंतच्या मेट्रोचं काम चाललंय, टपरी कधीच गेली. आणि मग बऱ्याच वेळाने स्वतःहून म्हणाले, त्या रात्री गडबडीत चहाचे पैसे कुणीच दिले नव्हते.