लाल औषध, हृदय आणि मात्रेचा हिशोब

‘केमो फक्त भराभर विभागणाऱ्या पेशींना मारते’ असं बरेचदा म्हटलं जातं. केस, तोंडातलं अस्तर, अस्थिमज्जा यांच्यापुरतं ते बरोबर. पण मग डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाने हृदय का बिघडतं? तिथल्या स्नायूपेशी तर जवळपास विभागतच नाहीत.

हे लाल औषध डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसतं. डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-२ हे विकर (एन्झाइम) जो काप देतं, तो पुन्हा जुळू देत नाही. कर्कपेशींत या विकराचा अल्फा प्रकार भरपूर, हृदयात बीटा; औषध दोघांनाही धरतं. हृदयाचं नुकसान साठत जातं, म्हणून आयुष्यभराची एकूण मात्रा मोजतात: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिग्रॅ ही कमाल. स्तनाच्या कर्करोगात ६० मिग्रॅच्या चार फेऱ्या म्हणजे २४०. सुरुवातीला टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) होतोच. जुनी फाइल मात्र टाकू नका, पुढे दुसरीकडे एकूण मात्रेचा हाच आकडा विचारतात.

लघवी एक-दोन दिवस लाल होते, ते रक्त नव्हे. सुईपाशी आग झाली तर तत्काळ नर्सला सांगा. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं. त्यावर थंड शेक देतात, व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं दुसरं औषध असेल तर उलट गरम.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या औषध दिल्यापासून साधारण १० ते १४ व्या दिवशी तळाला जाते. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नये, रात्रीच रुग्णालय गाठावं.