मदत हवी आहे: कडाक्याच्या थंडीआधी बागेत काय काय वाचवता येईल?

मंडळी, परवा वादळ येतंय. डोंगरावर बर्फ, खाली पाऊस, आणि आभाळ मोकळं झालं की पहाटे पारा थेट उणे ४ अंशांवर. शरद ऋतू जेमतेम सुरू झालाय, पानंसुद्धा अजून हिरवी आहेत!

शून्याच्या आसपास असतं तर टोमॅटो-मिरचीवर जमिनीपर्यंत चादरी सोडून निभावलं असतं, मातीची ऊब आत राहते. पण उणे २ च्या खाली काही तास गेले तर चादर पुरेल का? आत जुन्या, तापणाऱ्या दिव्यांची माळ लावून कुणी पाहिलंय? (एलईडीची काही कामाची नाही.) की हिरवे टोमॅटो तोडून घरातच पिकवू? गाजरांना हात लावत नाही, थंडीने ती गोडच होतात.

खरी काळजी ठिबकच्या नळ्यांची. कॉक बंद करून पाणी उतरू दिलं की झालं, की कॉम्प्रेसरने हवा मारावीच लागते?

आणि पानांनी भरलेल्या फांद्यांवर ओला बर्फ साचला तर तो खालून हलवून पाडायचा, की आपोआप वितळू द्यायचा? उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर बरं होईल.