मदत हवी आहे: लायसन्स ॲक्टिव्ह आहे पण 'एक्झेम्प्ट' लिहिलंय, काम द्यायचं की नाही?

मृणाल_के
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा प्लीज. घराच्या कामाला कॉन्ट्रॅक्टर जवळजवळ फायनल केलाय, त्याचा लायसन्स नंबर राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर टाकून बघितला, ॲक्टिव्ह आहे, बाँडही दिसतोय, पण खाली वर्कर्स कॉम्पच्या (कामावर जखमी झालेल्या कामगाराचा विमा) जागी एक्झेम्प्ट असं आलंय. हे नॉर्मल असतं का? त्याला विचारलं तर म्हणे सगळ्यांचं असंच असतं. शनिवारी चेक घ्यायला येतोय, सोमवारपासून काम. दुसरं कोटेशन बरंच महाग आहे आणि नवरा म्हणतो उगाच कीस पाडत बसू नकोस. हो की नाही एवढंच सांगा.

वाटाड्या
कुठलं राज्य? काम कसलं? माणसं किती येणार? यातलं काहीच न सांगता हो की नाही कसं सांगणार ताई.

ऑस्टिनवासी
आमच्या टेक्ससमध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्स हा प्रकारच नाही आणि वर्कर्स कॉम्पची खाजगी कंपन्यांना सक्तीही नाही. आम्ही अख्खं किचन पाडून नवीन केलं, कोणाला साधं खरचटलंही नाही. माणूस बरा वाटतोय ना, मग द्या काम.

वाटाड्या
तुमच्याकडे नाही म्हणून कुठेच नाही असं थोडंच आहे. आधी राज्य तर कळू दे.

मृणाल_के
अहो कॅलिफोर्निया. बाहेरून घर रंगवायचंय, बस्स.

प्राजक्ता_७
मग नीट वाचा. एक्झेम्प्ट म्हणजे त्याने बोर्डाला लिहून दिलंय की माझ्याकडे एकही कामगार नाही, मी एकटाच काम करतो. तसं खरंच असेल तर पेंटरला सध्या ही सूट मिळते, त्यात बेकायदा काही नाही. पण सगळ्यांचं असंच असतं हे खोटं आहे. ज्याच्याकडे पॉलिसी असते त्याच्या नोंदीत विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि तारखा दिसतात. आता खरा प्रश्न एकच, सोमवारी तो एकटा येणार आहे का?

मृणाल_के
एकटा कसा येईल, दुमजली घर आहे. त्याची चार पोरं येणार आहेत म्हणाला, आठवड्यात संपवतो म्हणे.

प्राजक्ता_७
झालं तर मग. कागदावर शून्य माणसं आणि शिडीवर चार.

गोठणेकर
छपराचं काम असेल तर एक्झेम्प्ट चालतच नाही. सी-39 म्हणजे रूफिंगवाला एकटा असला तरी त्याला वर्कर्स कॉम्प घ्यावाच लागतो, आणि 2023 पासून काँक्रीटचा सी-8, एसी-हीटिंगचा सी-20 आणि झाडं कापणारेसुद्धा त्यात आले. मी माझं रूफ केलं तेव्हा तिघांचे नंबर टाकून बघितले, एकाचं लायसन्स सस्पेंड निघालं आणि गडी माझ्याच ड्राइव्हवेवर उभा राहून सँपल दाखवत होता. रूफ करताना ते खालचं अंडरलेमेंट चांगलं घ्या, तिथे काटकसर करू नका.

वाटाड्या
गोठणेकर, त्यांना घर रंगवायचंय, छप्पर नाही.

गोठणेकर
माहितीये हो, पुढेमागे कोणाला लागेल म्हणून लिहिलं.

खडूस_अण्णा
उगाच घाबरवू नका लोकांना. बाँड आहे ना 25,000 डॉलरचा? मग? तो कशासाठी असतो? शिवाय होमओनर्स इन्शुरन्स असतोच की. वीस वर्षं या देशात घरं घेतोय विकतोय, लायसन्स तपासत बसलो असतो तर एकही खोली रंगली नसती.

प्राजक्ता_७
अण्णा, बाँड आणि विमा एक नाही. कॉन्ट्रॅक्टरने लायसन्सचे नियम मोडले, काम अर्धवट टाकलं, मजुरांचा पगार बुडवला अशासाठी बाँड असतो, आणि ते 25,000 त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून. शिडीवरून पडलेल्याच्या हॉस्पिटलच्या बिलाशी त्याचा काही संबंध नाही.

होमओनर्सचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात घरकामाच्या माणसांसाठी त्यात वर्कर्स कॉम्पचं थोडं कव्हर असतं हे खरं, पण आधीच्या 90 दिवसांत 52 तासांपेक्षा कमी काम झालं असेल तर माणूस त्यात बसत नाही. दुसऱ्याच दिवशी पडलेला पेंटरचा पोरगा कुठून बसणार? मग तो वकील गाठतो आणि घरमालकावर थेट दावा. विमा कंपनी काय देईल काय नाही ते नंतर, डोकेदुखी आधी सुरू.

खडूस_अण्णा
असं कोणाचं झालेलं प्रत्यक्ष बघितलंय का तुम्ही, की नुसतं वाचून?

प्राजक्ता_७
मी विम्याच्या क्लेम्समध्येच काम करते अण्णा.

खडूस_अण्णा
बरं.

झोपाळा
घर कुठल्या सालचं आहे? 1978 च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. बाहेरचा 20 चौरस फुटांपेक्षा जास्त जुना रंग खरवडायचा असेल तर पेंटरकडे ईपीएचं (केंद्राचं पर्यावरण खातं) लेड-सेफ सर्टिफिकेट लागतं. लहान मुलं असतील तर हे आधी बघा, बाकीचं नंतर.

मृणाल_के
1991 चं आहे. शिशाबद्दल मी विचारलंच नव्हतं पण धन्यवाद. आत्ता त्याला फोन केला तर म्हणाला, ती पोरं माझे कामगार नाहीत, सगळी 1099 वर (स्वतंत्र काम करणाऱ्यांचा टॅक्स फॉर्म) आहेत, सबकॉन्ट्रॅक्टर, म्हणून मला विमा लागत नाही. हे बरोबर आहे का?

वाटाड्या
जुनी सबब आहे. सबकॉन्ट्रॅक्टर असतील तर प्रत्येकाचं स्वतःचं सी-33 म्हणजे पेंटिंगचं लायसन्स हवं. त्याला म्हणा चौघांचे नंबर द्या, मी टाकून बघते. लायसन्स नसलेला माणूस इथे कायद्याने स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर ठरत नाही, तो ज्याने कामाला लावला त्याचा कामगार ठरतो, 1099 द्या नाहीतर आणखी काही द्या.

आणि एक, शनिवारी चेक कितीचा मागितलाय?

मृणाल_के
अर्धे. एकूण 6,800 आहेत, 3,400 आधी. रंग आणायला लागतात म्हणाला.

वाटाड्या
अजिबात देऊ नका!! कॅलिफोर्नियात घराच्या कामाला ॲडव्हान्स जास्तीत जास्त 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, दोन्हीत जे कमी ते. म्हणजे तुमच्याकडून 680. रंग त्याच्या पैशाने आणू दे, नाहीतर काम जसं होईल तसे हप्ते. हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी वर्कर्स कॉम्पपर्यंत गेलोच नसतो.

ऑस्टिनवासी
बापरे, तुमच्या राज्यात रंगवायला घर घ्यायचं की वकील.

खडूस_अण्णा
680 चा मुद्दा मात्र बरोबर आहे. मीही कधी हजाराच्या वर आधी देत नाही.

सुलभामावशी
मृणाल, लायसन्सवरचं नाव आणि दारात येणारा माणूस एकच आहे का ते पण बघ गं. आमच्या शेजारी आलेला, तो भावाचं लायसन्स दाखवून काम घ्यायचा. पॉकेट कार्ड आणि फोटो आयडी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं, लाजायचं नाही. आणि स्टुकोला तडे असतील तर आधी भरून घे, नुसता रंग मारला की पहिल्या पावसात परत दिसतात.

निळा_डबा
मी तर म्हणतो स्वतः रंगवा. स्प्रेअर भाड्याने मिळतो, दोन वीकेंडचं काम. पैसे वाचतात, व्यायाम होतो.

वाटाड्या
दुमजली घरावर, शिडी लावून? आणि स्वतः पडलात तर कुठला कॉम्प?

मृणाल_के
अपडेट. त्याने आता एक पीडीएफ पाठवलंय, म्हणतो घ्या तुमचा विमा, झालं समाधान? वर ॲकॉर्ड 25 लिहिलंय, दहा लाख डॉलर दिसतायत. मग झालं ना?

प्राजक्ता_७
दहा लाख कुठल्या ओळीत आहेत ते बघा. ॲकॉर्ड 25 म्हणजे विम्याच्या सर्टिफिकेटचा फॉर्म, त्यावर वर जनरल लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) असते, मग गाडी, मग अंब्रेला म्हणजे वरचं जादा कव्हर, आणि अगदी खाली वर्कर्स कॉम्पेन्सेशन अशी वेगळी ओळ असते. तिथे पॉलिसी नंबर आणि तारखा आहेत का?

मृणाल_के
ती ओळ कोरी आहे. दहा लाख वरच्या जनरल लायबिलिटीतले आहेत.

प्राजक्ता_७
मग हे तुमच्या खिडकीची काच फुटली तर कामाचं, पोराचा पाय मोडला तर नाही. त्याला सांगा, पॉलिसी घे, बोर्डाच्या साइटवर तुझी एक्झेम्प्टची नोंद बदलून पॉलिसी दिसू दे, आणि सर्टिफिकेट तू नको पाठवू, तुझ्या एजंटला थेट माझ्या ईमेलवर पाठवायला सांग. नाहीतर महागड्याचा नंबर टाकून बघा. त्याचं काय दिसतंय?

मृणाल_के
बघितलं. 9,200 वाला. पॉलिसी नंबर, तारखा सगळं आहे, पुढच्या मार्चपर्यंत. स्वस्तवाल्याला मेसेज केला की पॉलिसी दिसेपर्यंत चेक नाही. त्याचं उत्तर, मॅडम तुम्ही फार प्रश्न विचारता. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, तो 3,400 वर अडकलाय.

गोठणेकर
त्या 9,200 वाल्याचा नंबर मला व्यनि करा. गॅरेजचं दार रंगवायचंय.

सुलभामावशी
मलाही. आणि रंग कुठला घेणार आहेस?