दावा फेटाळला, तरी तत्त्व टिकले?

प्रश्न :
पेरूतील हुआरास येथील शेतकरी व पर्वतवाटाडे साउल लुसियानो ल्यूया यांनी २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीजकंपनीवर लावलेला दावा हाम येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने २८ मे २०२५ रोजी फेटाळला. हिमनदी वितळून फुगलेला पाल्काकोचा तलाव फुटला तर आपल्या घराला धोका आहे, तेव्हा संरक्षणाच्या खर्चातला कंपनीच्या उत्सर्जनाइतका, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाटा तिने उचलावा, एवढीच त्यांची मागणी होती. हरलेल्या या दाव्याला पर्यावरणाचे वकील महत्त्वाचा का मानतात?

प्रतिसाद १ :
कारण दावा पुराव्यावर पडला, तत्त्वावर नव्हे. उत्सर्जन करणारे असंख्य आहेत, आमच्याकडे सरकारी परवाने होते, हुआरास फार दूर आहे, हे कंपनीचे बचाव न्यायालयाने मानले नाहीत. मालमत्तेला होणारी बाधा ती करणाऱ्याला दूर करायला लावणारे जर्मन नागरी संहितेचे कलम १००४ एरवी शेजाऱ्याच्या झाडाची मुळे आपल्या आवारात घुसली की आठवते. तेच कलम महासागरापलीकडच्या शेजाऱ्यालाही लागू होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले.

प्रतिसाद २ :
मग अडले कुठे, तेही सांगायला हवे. न्यायाधीश २०२२ मध्ये स्वतः हुआरासला जाऊन आले होते. पुढील ३० वर्षांत पुराचे पाणी त्या घरापर्यंत पोचण्याची शक्यता सुमारे १ टक्का आहे, आणि पोचले तरी ते जेमतेम काही सेंटिमीटर असेल, असे न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांचे मत पडले, आणि त्यावरच दावा फेटाळला गेला. हाच तलाव १९४१ मध्ये फुटून शहराचा मोठा भाग वाहून गेला होता, हे लक्षात घेता मला हे मोजमाप फार तोकडे वाटते. मात्र ‘धोका नजीकचा हवा’ ही कायद्याची अट मला चुकीची वाटत नाही.

प्रतिसाद ३ :
असा दावा भारतात लावायचा म्हटले, की एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मांडलेले निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व (धोकादायक उद्योगाने चूक नसली तरी हानी भरून द्यायची) नेहमी पुढे केले जाते, पण त्याने वादीची सुटका होते ती निष्काळजीपणा सिद्ध करण्यातून; कार्यकारणसंबंध त्याला दाखवावाच लागतो. मला अधिक आशा वाटते ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १७ ची. हानी अनेकांच्या एकत्रित कृतींमुळे झाली असेल, तर दायित्व जबाबदार असलेल्यांमध्ये न्याय्य प्रमाणात वाटून देण्याची मुभा ते न्यायाधिकरणाला देते. ल्यूया यांनी मागितला होता तो असाच वाटा. भरपाईचा अर्ज मात्र दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो, आणि समुद्र दरवर्षी थोडीथोडी जमीन गिळतो तेव्हा ते ‘प्रथम’ कोणत्या दिवशी धरायचे?

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. या पाच वर्षांच्या अटीचा मी विचारच केला नव्हता.